मागच्याला दोन्ही उरावं म्हणून

शालनताई,

तुझ्या तेराव्याच्या आदल्या दिवशी मी तुझ्याच स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा तुझा भाऊ दारात येऊन उभा राहिला. मुंबईहून आल्यापासून वसंतराव नुसते धावपळीत होते. त्या दिवशी जरा टेकले आणि म्हणाले, "साळवीबाई, ताईला जेवणात काय आवडायचं हो? उद्या तिच्या पानात वाढायला हवं."

मी सुपातले खडे वेचत राहिले. एकोणीस वर्षं एका शाळेत, एका बाकड्यावर, शेजारी बसून डबा खाल्ला आपण. तुझी चप्पल कुठल्या बाजूने झिजते ते मला माहीत. फळ्यावर लिहिताना तू श्वास रोखतेस ते माहीत. आणि तुला आवडायचं काय, ते माहीत नाही. डब्यांत डबे मिसळले की ज्याच्याकडे जे जास्त असेल ते तू घ्यायचीस. भेंडी जास्त असली तर भेंडी, उसळ जास्त असली तर उसळ.

"सांगा ना," वसंतराव म्हणाले. "मी भाऊ असून मला ठाऊक नाय, म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

मी ठोकून दिलं, "काळ्या वाटाण्याची आमटी." ती मला आवडते, शालनताई. दुसऱ्या दिवशी तुझ्या पानात ती वाढली गेली आणि मी दोन वाट्या घेतल्या. तुला राग आला नसता, हे तेवढं मी खात्रीने सांगू शकते.

दहाव्याला म्हणे पिंड ठेवतो न ठेवतो तोच कावळा शिवला. वसंतराव जरा नाराजच झाले होते. "काय काय कबूल करायचं ते मी मनात जुळवून गेलो होतो," ते सांगत होते. "ताईची काय इच्छा राहिली असेल, एकेक म्हणून बघू. एकही शब्द बोलायची वेळ आली नाय." भटजींना पुढे दुसऱ्या घरी जायचं होतं, त्यांची पण सोय झाली. मी हे ऐकून पदराआड हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरले. कुणाला ताटकळत ठेवायचं नाही हे तू तिथंसुद्धा पाळलंस.

पण माझा प्रश्न काही सुटला नाही. तू सगळ्यांसाठी काही ना काही मागे ठेवत आलीस, आणि तुला स्वतःला काय हवं होतं हे आम्हाला कळू दिलं नाहीस. त्याचा मला राग आहे आणि त्याचंच कौतुक आहे. दोन्ही एकदम आहे, म्हणून लिहायला बसले. शाळेतल्या शोकसभेत तुझ्यावर बोलायला सांगितलं होतं, तिथे मी मयेकरबाईंची सेवा, शिस्त वगैरे बोलून आले. शाळेत आपण एकमेकींना मयेकरबाई आणि साळवीबाई. फाटकाबाहेर पडलं की मी कमल आणि तू शालनताई. हे फाटकाबाहेरचं आहे.

तुझं ते वागणं माझ्या लक्षात आलं माझ्या पहिल्या एप्रिलमध्ये. पेपर तपासायचे दिवस होते, आणि कुणा पालकांनी स्टाफरूममध्ये आंब्यांची करंडी पाठवली होती. सगळे हापूस आणि त्यात एकच पायरी. ज्यांना हापूसचं अप्रूप नाही अशा या गावात त्या एका पायरीवर सगळ्यांचा डोळा. करंडी तुझ्याकडे आली, तू वरचा हापूस उचललास आणि करंडी पुढे सरकवलीस. तू सगळ्यांत सीनियर, तू पायरी घेतली नाहीस म्हटल्यावर पुढच्याला लाज वाटली. त्याने हापूस घेतला. मग त्याच्या पुढच्याला वाटली. असं होत होत करंडी टेबलाच्या टोकाला माझ्यापर्यंत आली. मी सगळ्यांत नवी. करंडीत तीन हापूस होते आणि ती पायरी होती. नोकरीला लागून दहा महिने झाले होते. काय घेऊ असं मला त्या खोलीत पहिल्यांदाच वाटलं, कारण तोवर माझ्यापर्यंत येईस्तोवर उरलेलं असायचं ते घ्यायचं, एवढंच होतं. मी पायरी घेतली की हापूस, हे तू नंतर कधी विचारलं नाहीस. मी सांगते आता. मी हापूस घेतला. पण घेतला तो मी ठरवून.

मग मी तुझ्यावर लक्षच ठेवलं. खडूच्या पेटीत पांढरे ढीगभर, रंगीत नावाला. निळा एखादाच. मला भूगोलाला निळा लागायचा, समुद्र दाखवायला. तुलाही लागायचा. शास्त्र शिकवताना शरीरातल्या शिरा निळ्या आणि धमन्या लाल काढतात, हे काय मला माहीत नव्हतं? पण तू पांढरा खडू घेऊन दोन्ही काढायचीस आणि बाजूला नावं लिहायचीस. परिणाम असा झाला की सहामाहीला एका मुलीने लिहिलं, माणसाच्या शरीरात पांढरं रक्त असतं. तू तिला उभं केलंस, तर ती म्हणाली, "बाई, तुम्हीच काढलं होतंत." तू तिला अर्धा मार्क दिलास. मी विचारलं अर्धा कशाचा, तर म्हणालीस, "बघून लिहिलान ना तिने. बघतंय कोण हल्ली."

त्याच दिवशी घरी जाताना, बाजारातून स्टँडकडे चालत असताना, मी तुला सरळच विचारलं. तुला निळा खडू नको असतो का?

"हवा असतो की," तू म्हणालीस.

"मग?"

"एकच आहे तो मी उचलला तर मागच्याला पांढऱ्यावाचून दुसरं काय राहात नाय. मी पांढरा उचलला तर मागच्याला दोन्ही उरतं. मग त्याला काय हवं ते त्याने घ्यावं. निळा घेतलाच पाहिजे असं पण नाय."

मी म्हटलं हे कुठे शिकलीस. बी.एड.ला मानसशास्त्राचं जाडजूड पुस्तक आपण दोघींनी आपापल्या वेळी वाचलं होतं, त्यात हे कुठे नव्हतं. तेव्हा तू मला दाभोळचं सांगितलंस. वडील गेल्यावर तुझी आई तुम्हा दोघांना घेऊन दाभोळला मामांकडे राहिली. मामांची सहा मुलं, तुम्ही दोन. दिवाळीला मामा चिपळूणहून रिबिनी आणायचे. मामी डबा फिरवायची तो आपल्या मुलींपासून, तुझी पाळी शेवटी. "मामी वाईट नव्हती गो," हे तू तीनदा म्हणालीस. डबा तुझ्यासमोर यायचा आणि मामी प्रेमाने म्हणायची, "घे शालन, तुला हवी ती घे." डब्यात एकच रिबीन असायची.

"मग तू काय करायचीस?"

"जरा वेळ बघत बसायचे," तू म्हणालीस. "निवडतेय असं दाखवायला. मामीला वाईट वाटायला नको."

स्टँडवर माझी गाडी लागली होती. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी घाईघाईने चढले. लांज्याला घरी पोचेपर्यंत ती डब्यात बोट फिरवणारी आठ वर्षांची मुलगी माझ्याशेजारी बसून होती. एकच वस्तू समोर ठेवून 'हवी ती घे' म्हणणं काय असतं ते तुला इतक्या लवकर कळलं, आणि त्याचा तू कडवटपणा केला नाहीस, याचं मला अजून नवल वाटतं. आमच्यातल्या दुसऱ्या कुणी मोठेपणी डब्यातली पहिली रिबीन ओढली असती. मी तरी ओढली असती.

आता वेळापत्रकाचं. तेही बोलायचं राहिलंय नीट.

जूनमध्ये वेळापत्रक करायचं काम तुझं. मोठा पुठ्ठा, त्यावर चौकोन आखलेले, आणि प्रत्येक शिक्षकाच्या रंगाच्या चिठ्ठ्या. माझा रंग हिरवा, तुझा बदामी. चार दिवस तू त्या पुठ्ठ्यावर ओणवी असायचीस. सगळ्यांच्या चिठ्ठ्या लागल्या की उरलेल्या चौकोनांत तू आपल्या बसवायचीस. माझी मंजू वर्षाची होती तेव्हा. मी लांज्याहून येऊन जाऊन करायचे, दीड तास जायला, दीड तास यायला, आणि घरी सासूबाई मंजूला कडेवर घेऊन दारात उभ्या. त्या वर्षी माझा शेवटचा तास आठवड्यातून चार दिवस मोकळा निघाला. सव्वाचारची गाडी मिळायला लागली. मी सासूबाईंना सांगितलं, नशीब चांगलं आहे माझं. पुढच्या वर्षीही नशीब चांगलंच निघालं. तिसऱ्या वर्षी आमच्या गणिताच्या पाध्येसरांनी सहज विचारलं, "मयेकरबाईंना आठवी ब ची एवढी आवड कशी? दर वर्षी शेवटचा तास स्वतःकडे घेतात." आठवी ब चा शेवटचा तास म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको.

मी तणतणत तुझ्याकडे आले. व्हरांड्यात तू वह्यांचा गठ्ठा बांधत होतीस.

"मला न विचारता केलंस हे?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणजे माझं नको म्हणणंसुद्धा तूच ठरवलंस."

तू दोरीची गाठ मारलीस, पुन्हा सोडलीस. मग म्हणालीस, "तास मोकळा आहे एवढंच. गाडीला जा, नायतर वह्या तपास, नायतर डोकं टेकून झोप काढ. लांज्यालाच जा असं मी कुठं लिहिलंय पुठ्ठ्यावर?"

त्या दिवशी मी मुद्दाम सव्वाचारची गाडी सोडली. स्टाफरूममध्ये बसून राहिले. मला वाटलं तू येशील, म्हणशील जा गो, पोर वाट बघत असेल. तू एकदा डोकावलीस, पाण्याचा ग्लास भरून घेतलास आणि आठवी ब कडे गेलीस. पावणेसहाच्या गाडीत मी पालीपर्यंत उभ्याने गेले, धुमसत. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सव्वाचारची. तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर मला टोमणा मारला असता. तू विचारलंस, मंजूचा खोकला गेला का.

तुझी आमंत्रणंसुद्धा अशीच. "रविवारी आंबोळ्या आहेत. आलीस तर दोघी खाऊ. नाय आलीस तर पीठ सोमवारपर्यंत आंबेल, मला आंबटच चालतं." कुणी असं बोलावतं का? माणसाला आग्रह लागतो, शालनताई. नको नको म्हणायला तरी आग्रह लागतो. ही आपली जुनी तक्रार. तू म्हणायचीस, आग्रह केला की येणाऱ्याला आपण आलो की आणलं गेलो ते कळत नाही. मी म्हणायचे, न करण्याने येणाऱ्याला आपण हवे आहोत की नाही तेच कळत नाही. हा वाद आपण निदान शंभरदा घातला असेल. दर वेळी तू जिंकलीस असं मला वाटायचं आणि गाडीत बसलं की आपणच बरोबर होतो असं वाटायचं.

तुझ्या पन्नाशीला मी तुला साडी घ्यायची ठरवली. रंग कुठला म्हणून विचारलं, तर कुठलाही. शेवटी तुला ओढत दुकानात नेलं. दुकानदाराने तीसेक साड्या टाकल्या. तू सगळ्यांत वरची उचललीस. का? तर त्याला घड्या घालायला सोपं. मी दुकानातच तुझ्यावर ओरडले. मला तुझ्यासाठी काही करायचं झालं तर मी करू काय? तू सगळ्यांसाठी मागे ठेवतेस, मग तुझ्यासाठी मागे ठेवायचं ते कुठून कळायचं आम्हाला? तू दुकानदाराकडे बघून म्हणालीस, "हिच्याकडे लक्ष देऊ नका. भूगोल शिकवते ती." साडी मात्र तू फार नेसलीस. आवडली होती का? हेही राहिलंच.

आणि आता तो घोळ. तो सांगितल्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही.

ऐंशी साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. मोठ्या बाई मे महिन्यात निवृत्त व्हायच्या होत्या. मुख्याध्यापिकेची जागा सेवाज्येष्ठतेने तुझी. तुझ्यानंतर मी. माझ्यानंतर पाध्येसर. ज्येष्ठ माणसाला जागा नको असेल तर त्याने तसं लेखी द्यायचं, मग पुढच्याला मिळणार, असा नियम. तू शाळा तशीही चालवतच होतीस, नुसती खुर्ची मिळायची बाकी होती. मला काळजी एकच. जागा तुला मिळणार हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण मुख्याध्यापिकेला शाळेमागच्या दोन खोल्या राहायला मिळतात हेही तुला माहीत होतं. आणि मी रोज तीन तास गाडीत असते हेही माहीत होतं. ही बाई माझ्यासाठी जागा सोडणार, असं मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून सुट्टी लागायच्या आधीच मी संस्थेच्या चिटणीसांच्या घरी गेले आणि मला ही जागा कुठल्याही परिस्थितीत नको असं लिहून देऊन आले. मयेकरबाईंना कळू देऊ नका, म्हटलं. ते वकील माणूस. चष्म्यावरून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "बरं," म्हणाले. मला तेव्हा त्या बघण्याचा अर्थ कळला नाही.

चार दिवस आधी तू तिथे येऊन गेली होतीस. साळवीबाईंना कळू देऊ नका, म्हणून.

जूनमध्ये शाळा उघडली आणि आपण दोघी एकदमच ऑफिसच्या दारात गेलो, एकमेकींचं अभिनंदन करायला. खुर्चीत पाध्येसर. खुर्चीच्या अगदी कडेला, कुणी उठ म्हटलं तर पटकन उठता यावं असे. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखा भाव. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. मागून आपली सीताबाई शिपाईण घंटेचा हातोडा हातात घेऊन म्हणाली, "मी ऐकलं ता खरं? दोघींनी पण नको म्हणून लिहून दिलानी? मग मला तरी सांगायचं. मी बसले असते."

नकाशांच्या खोलीत आपण दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत तू आवाज चढवलेला मी तेव्हाच ऐकला.

"तू का दिलंस लिहून?"

"तू का दिलंस?"

"तुला त्या दोन खोल्या मिळाल्या असत्या. मंजू इथल्या शाळेत गेली असती. तुझी ती गाडी सुटली असती जन्माची."

"आणि मी दिलं ते तू असंच करशील म्हणून. मीच नको म्हटलं की तुला सोडायला कारण उरणार नाही."

तू काही तरी बोलायला गेलीस आणि आफ्रिकेचा नकाशा खुंटीवरून निसटून तुझ्या डोक्यावर आला. मग जे हसू फुटलं ते आवरेना. धुळीने खोकतोय, हसतोय, पुन्हा खोकतोय. बाहेरून पाध्येसर दार वाजवत होते. त्यांना वाटलं आपण रडतोय. बिचारे, पुढे वर्षभर ऑफिसमधली कपाटं उपसत होते. दोन शहाण्या बायकांनी नाकारलेल्या खुर्चीत नक्की काही तरी गोम असणार, कुठली तरी चौकशी निघणार, अशी त्यांची खात्री होती. माणूस चांगला निघाला, ते आपलं नशीब. तुझं वेळापत्रक त्यांनी तुझ्याकडेच ठेवलं.

मी पुढे या घोळावर पुष्कळ विचार केला. गाडीत तीन तास मिळायचे, दुसरं काय करणार. करंडीतला हापूस घेणं आणि चिटणीसांकडे जाऊन लिहून देणं ही एकच गोष्ट आहे असं आपल्या दोघींना वाटलं, तिथेच फसलो. करंडीत तू पायरी मागे ठेवलीस तेव्हा ती मी घ्यावी असं तुझं म्हणणं नव्हतं. खुर्चीच्या वेळी आपण दोघींनी दुसरीने काय घ्यावं तेही ठरवून टाकलं, आणि तोंडाने विचारलं मात्र नाही. विचारायचं काय होतं? तुला हवी आहे का? चार शब्द. त्यासाठी व्हरांड्यातून दहा पावलं चालायची होती.

त्या दिवशी हसू ओसरल्यावर मी विचारलंच. "पण तुला हवी होती का खुर्ची?"

तू आफ्रिका गुंडाळायला घेतलीस. "आता त्याचं काय," म्हणालीस.

आणि माझं काय ते मीही सांगितलं नाही. मला हवी होती, शालनताई. निवृत्तीपर्यंत लांज्याची गाडी धरायची हे मी हसून सांगत असे, पण दर सोमवारी सकाळी स्टँडवर उभी राहिले की त्या दोन खोल्या डोळ्यांसमोर यायच्या. तुझ्यावर राग नव्हता. राग असायला काही जागाच तू ठेवत नसायचीस. पण एक गाठ राहिली. वाटायचं, तुला ती खुर्ची मुळात नकोच असली तर? मग मी कोणासाठी सोडली?

गेल्या पावसाळ्यात तुझं दुखणं निघालं. वसंतरावांनी तुला मुंबईला नेलं, सगळं केलं, दिवाळीनंतर तू परत आलीस. इथेच बरं वाटतं, म्हणालीस. शेजारच्या बाई दोन वेळचं बघायच्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तुझ्याकडे यायचे. तू उशीला टेकून बसलेली असायचीस आणि शाळेतलं एक न एक विचारायचीस. पुठ्ठा आता कोण करतं, चिठ्ठ्या अजून त्याच आहेत का. चार वाजले की म्हणायचीस, "कमल, तुझी गाडी." कधी चुकलं नाही. गोळ्या घ्यायच्या राहायच्या, पण माझी गाडी तू चुकू दिली नाहीस.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी तुझे केस विंचरत होते. तुझी पाठ माझ्याकडे. अशा वेळी माणसाला बोलणं सोपं जातं. तू आपणहून म्हणालीस, "कमल, ती खुर्ची मला हवी होती."

माझा हात थांबला. "खूप?"

"खूप. प्रार्थनेनंतरच्या सूचना आरशासमोर उभी राहून म्हणून बघितल्या होत्या मी. आवाज कुठवर चढवायचा ते."

"मला पण हवी होती," मी म्हटलं. "मी त्या खोल्यांना पडदे कुठले लावायचे ते ठरवलं होतं. पिवळे."

तू इतकी हसलीस की मला पाठ चोळावी लागली. "पिवळे?" दर दोन मिनिटांनी म्हणायचीस, "पिवळे?" आणि पुन्हा हसायचीस. मग शांत झालीस. म्हणालीस, "बरं झालं बाई. मला एवढी वर्षं धास्ती होती, तुला नकोच असलेली वस्तू मी तुझ्यासाठी सोडली की काय."

तुलाही तीच गाठ होती. तुलाही. त्या दिवशी चालत स्टँडवर येताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी स्टँडवरच्या दुकानातून आंबापोळी घेतली आणि गाडीत एकटीनेच संपवली. मंजूलासुद्धा ठेवली नाही. तुझ्या शाळेत एवढी वर्षं शिकून हे असं.

मला वाटलं होतं, आता आपलं सगळं बोलून झालं. जे काही राहिलं होतं ते खुर्चीचं होतं, तेही सांगून झालं. पण खुर्ची झाली भूतकाळातली. हवी होती म्हणून सांगितलंस. हवंय असं आपणहून तू मला एकदाही म्हणाली नव्हतीस.

मग तो शेवटचा शनिवार आला. शेवटचा आहे हे मला माहीत नव्हतं, तुला असेल. घरी त्या दिवशी नणंद यायची होती, मी सकाळीच सांगून निघाले होते की सव्वाचारच्या गाडीने येते. तू फारसं बोलत नव्हतीस. मी वह्या तपासत बसले, तू बघत होतीस. घड्याळात चार वाजले. तू गाडीची आठवण केली नाहीस. मला वाटलं डोळा लागला असेल. चार वाजून पाच मिनिटं झाली, मी वह्या पिशवीत भरल्या, पिशवी खांद्याला लावली आणि पांघरूण सारखं करायला वाकले. तू जागी होतीस. माझं मनगट धरलंस. पकड चांगली घट्ट होती.

"आज नको जाऊ," तू म्हणालीस.

तुझ्या कुठल्याही बोलण्याला मागून एक शेपूट असायचं. जमत असेल तर. तुला वेळ असेल तर. नाहीतर राहू दे, माझं काय अडत नाय. एकोणीस वर्षांत त्या शेपटाशिवाय तू माझ्याकडे पाणीसुद्धा मागितलं नव्हतंस. मी वाकलेली तशीच थांबले, ते यायची वाट बघत. तू माझ्याकडे बघत होतीस, मनगट धरून.

ते आलं नाही, शालनताई. मी पिशवी खाली ठेवली आणि तुझ्याजवळ बसले.